उंदराचे चाक आणि संप्रेरकांची सत्ता

पिंजऱ्याच्या एका बाजूला बसवलेले हलके चाक, चाकाच्या फेऱ्या मोजणारी छोटीशी यंत्रणा आणि चाकात पळणारा पांढरा उंदीर, हे दृश्य शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत शंभराहून अधिक वर्षे दिसत आले आहे. या उंदराला कोणी पळवत नाही. पळाल्याबद्दल त्याला खाऊ मिळत नाही, थांबल्याबद्दल शिक्षा होत नाही. तरीही अंधार पडला की तो आपण होऊन चाकात शिरतो आणि थांबत थांबत, पुन्हा पुन्हा पळत, उजाडेपर्यंत बरेच अंतर कापून टाकतो. तेही एकाच जागी. मात्र एकाच वाणाचे, एकाच वयाचे, एकच अन्न खाणारे दोन उंदीर सारखे पळत नाहीत. इतकेच काय, एकच उंदीर आज पळाला तितका उद्या पळेलच असेही नाही.

हा फरक कोठून येतो? अन्न, उजेड, तापमान, वय, आनुवंशिकता असे अनेक घटक त्यामागे असल्याचे आढळून आले आहे. परंतु त्यांपैकी फार लवकर आणि फार स्पष्टपणे ध्यानात आलेला घटक म्हणजे संप्रेरके, अर्थात हार्मोन्स. शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींनी थेट रक्तात सोडलेली ही द्रव्ये वाढ, प्रजनन, पचन यांचे नियमन करतात हे सर्वश्रुत आहे. प्राण्याने किती हालचाल करावी, हेही ती मोठ्या प्रमाणावर ठरवतात, ही गोष्ट तुलनेने कमी परिचित आहे. या संशोधनाच्या इतिहासात एक विसंगतीही दडलेली आहे. हालचालीवरील संप्रेरकांचा प्रभाव सर्वांत ठळकपणे दाखवून दिला तो मादी उंदरांनी; आणि नेमके तेच कारण पुढे करून नंतर कित्येक दशके माद्यांना प्रयोगांतून वगळण्यात आले.

चाक आले कोठून?

पळण्याच्या चाकाचा शास्त्रीय मोजमापासाठी उपयोग प्रथम अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात झाला. कॉलिन स्टुअर्ट या संशोधकाने १८९८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मद्यार्क, हवेचा दाब आणि आहार यांचा प्राण्यांच्या दैनंदिन हालचालीवर होणारा परिणाम नोंदवला होता. संप्रेरकांचा त्यात उल्लेख असणे शक्यच नव्हते. ‘हार्मोन’ हा शब्दच इंग्लंडमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला.

त्यानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेम्स स्लोनेकर यांनी चिकाटीची कमाल केली. पांढरे उंदीर जन्मापासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत किती हालचाल करतात, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि १९१२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. वयात येताना हालचाल वाढते, तारुण्यात ती शिखर गाठते आणि उतारवयात ओसरते, हे अशा दीर्घ नोंदींमुळेच दिसू शकले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत आपण सरसकट ‘उंदीर’ म्हणतो. प्रयोगशाळेत मात्र रॅट आणि माउस हे दोन वेगळे प्राणी आहेत. रॅट आकाराने बराच मोठा, तर माउस जेमतेम मुठीत मावणारा. विसाव्या शतकातील सुरुवातीचे बहुतेक काम रॅटवर झाले. जनुकांत फेरफार करण्याचे तंत्र माउसमध्ये अधिक सोपे ठरल्याने अलीकडचे बरेचसे काम माउसवर होते. पुढील मजकुरात नुसते ‘उंदीर’ म्हटले आहे तेथे रॅट समजावा.

दर चौथ्या दिवशी

खरी कलाटणी मिळाली ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. तेथील कर्ट रिश्टर (१८९४ ते १९८८) यांनी उंदरांच्या ‘आपसूक’ हालचालीचा प्रश्न आपला जन्मभराचा विषय केला. बाहेरून काहीही चेतना मिळाली नाही तरी प्राणी हालचाल का करतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १९२२ मध्ये त्यांनी या विषयावरील पहिला मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याच प्रयोगशाळेत चीनमधून आलेले जिंगशी वांग हे संशोधक काम करीत होते. प्रौढ मादी उंदरांच्या नोंदी पाहताना त्यांना एक विलक्षण नियमितता दिसली. मादीची धाव दर चौथ्या किंवा पाचव्या दिवशी एकाएकी उसळी घेत होती. मधले दिवस तुलनेने शांत. मग पुन्हा एक रात्र बेफाम धावण्याची. आलेखावर ही शिखरे करवतीच्या दात्यांसारखी एकामागून एक उभी राहत.

ही शिखरे कशामुळे, हे ठरवण्यासाठी लागणारे साधन नुकतेच उपलब्ध झाले होते. गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तिचे प्रजननचक्र कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगता येते, असे स्टोकार्ड व पापानिकोलाउ यांनी १९१७ मध्ये दाखवले होते. (स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केली जाणारी ‘पॅप’ चाचणी याच पापानिकोलाउंच्या नावाने ओळखली जाते.) उंदराच्या चक्राचे तपशीलवार वर्णन लाँग व इव्हान्स यांनी १९२२ मध्ये केले. उंदराच्या मादीचे हे चक्र अवघ्या चार-पाच दिवसांचे असते. गाईम्हशींच्या बाबतीत शेतकरी ज्याला ‘माजावर येणे’ म्हणतात, ती अवस्था तिला दर चौथ्या-पाचव्या दिवशी येते.

वांग यांनी दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि १९२३ मध्ये निष्कर्ष जाहीर केला. चाकावरची शिखरे माजाशी जुळत होती. वयात न आलेल्या मादीत ती दिसत नव्हती. गर्भारपणात व पिलांना पाजण्याच्या काळात ती नाहीशी होत होती. दोन्ही अंडाशय काढून टाकले की शिखरे तर मावळतच, शिवाय एकूण धावही अगदी खालच्या पातळीवर येत असे. स्लोनेकर यांच्या १९२४ मधील नोंदींनीही वयात येणे, माज आणि प्रजननकाळाची अखेर यांचा हालचालीशी असलेला संबंध पुढे आणला.

अंडाशयातून येणारा हा ‘काहीतरी’ पदार्थ कोणता, हे मात्र तेव्हा अज्ञात होते. योगायोग असा की त्याच वर्षी, १९२३ मध्येच, एडगर ॲलन व एडवर्ड डॉयझी यांनी सेंट लुइस येथे अंडाशयातील द्रवात असे संप्रेरक असल्याचे दाखवून दिले. त्याचा शुद्ध स्फटिक १९२९ मध्ये अमेरिकेत डॉयझी यांनी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी स्वतंत्रपणे मिळवला. इस्ट्रोजेन या कुटुंबातील सर्वांत प्रभावी सदस्य असलेले इस्ट्राडायॉल पुढे डॉयझी यांच्या गटाने डुकरिणींच्या अंडाशयांतून वेगळे केले. सुमारे चार टन अंडाशयांतून हाती आले ते केवळ बारा मिलिग्रॅम! इतक्या सूक्ष्म प्रमाणात वावरणारे द्रव्य एखाद्या प्राण्याला रात्रभर पळायला लावते, यावरून त्याच्या सामर्थ्याची कल्पना यावी.

शुद्ध संप्रेरक हाती आल्यावर उलटतपासणी शक्य झाली. अंडाशय काढलेल्या, सुस्तावलेल्या मादीला इस्ट्राडायॉल टोचले की काही दिवसांतच ती पुन्हा धावू लागते. त्याच्या जोडीने प्रोजेस्टेरॉन हे अंडाशयाचेच दुसरे संप्रेरक दिले की ही धाव मंदावते. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनची पातळी चढलेली असते. त्या काळात मादी चाकाकडे फारशी फिरकत नाही याचा काही अंशी उलगडा यातून होतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. माजाच्या रात्री मादी पळते जास्त आणि खाते कमी. अंडाशय काढल्यावर नेमके उलट घडते: खाणे वाढते, हालचाल घटते आणि वजन भराभर चढते. निसर्गाच्या दृष्टीने यातील हिशेब उघड आहे. बीजांड तयार असण्याचा काळ मोजक्या तासांचा. त्या वेळी बिळात बसून दाणे टिपण्यापेक्षा बाहेर पडून नर शोधणे अधिक मोलाचे. रक्तात उसळलेले इस्ट्रोजेन मादीचे शरीर आणि तिचे पाय एकाच वेळी त्या कामाला जुंपते.

नराचे काय?

नरांच्या संप्रेरकांची कथा याहून जुनी आहे. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्टोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांची वृषणे काढून ती पोटात अन्यत्र रोवली, तेव्हा त्यांचे आरवणे, भांडणे आणि लाल तुरा कायम राहिला. वृषणांतून काहीतरी रक्तात मिसळत असावे, हा तर्क तेथून सुरू झाला. पुढे १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध स्वरूपात मिळाले आणि पौरुष, जोम, चपळाई या साऱ्यांचे श्रेय लोकांनी त्याच्या पदरात टाकून दिले.

चाकावरच्या नोंदी काय सांगतात? खच्ची केलेला नर उंदीर कमी पळतो आणि टेस्टोस्टेरॉन दिल्यावर पुन्हा अधिक पळू लागतो. येथवर सारे अपेक्षेप्रमाणेच आहे. परंतु १९७५ मध्ये रॉय व वेड या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांनी या चित्राला अनपेक्षित वळण दिले. खच्ची केलेल्या नरांना त्यांनी वेगवेगळी संप्रेरके दिली. इस्ट्राडायॉलची अत्यल्प मात्रादेखील त्यांना पळवण्यास पुरेशी ठरली. उलट डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे ‘पक्के’ पुरुषी संप्रेरक निष्प्रभ ठरले.

याचे कारण रसायनशास्त्रात आहे. शरीरात अरोमाटेज नावाचे विकर असते आणि ते टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्राडायॉलमध्ये करते. मेंदूतही ही क्रिया चालते. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचे असे रूपांतर होऊ शकत नाही. तेव्हा नराला चाकावर पळवणारे टेस्टोस्टेरॉन प्रत्यक्षात बऱ्याच अंशी इस्ट्रोजेनचा वेष घेऊनच आपले काम साधते. ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ संप्रेरके ही विभागणी शाळेच्या पुस्तकांत सोयीची असली तरी मेंदूला ती मान्य नाही, एवढे तरी यातून म्हणावेच लागते. अनेक वाणांत मादी नरापेक्षा जास्त अंतर पळते, हेही या संदर्भात ध्यानात घ्यायला हवे.

मेंदूतील ठिकाण

इस्ट्रोजेन स्नायूंवरही परिणाम करते. मग ते पायांना बळ देते की मेंदूला हुकूम? याचा निवाडा करण्यासाठी संशोधकांनी इस्ट्रोजेनचे सूक्ष्म कण थेट मेंदूच्या ठरावीक भागात ठेवून पाहिले. कॉल्विन व सॉयर यांच्या १९६९ मधील प्रयोगांत अंडाशय काढलेल्या मादी अशा रोपणामुळे पुन्हा धावू लागल्या. पुढे १९८५ मध्ये फारबाख, मायझेल व फाफ यांनी हायपोथॅलॅमस म्हणजेच अधश्चेतकाच्या पुढच्या बाजूला असणाऱ्या प्रीऑप्टिक भागात इस्ट्राडायॉल ठेवले. चाकावरची धाव वाढली. परंतु त्याच मादींना मोकळ्या, अनोळखी जागेत सोडले असता त्यांचा वावर वाढला नाही.

हा निष्कर्ष वरकरणी किरकोळ वाटेल, पण या विषयातील अनेक गोंधळांची किल्ली त्यातच आहे. ‘हालचाल’ ही एक वस्तू नाही. चाकावर स्वेच्छेने पळणे, पिंजऱ्यात इकडेतिकडे फिरणे, नव्या जागेची टेहळणी करणे, भुकेपोटी अन्नाच्या वेळेआधी येरझाऱ्या घालणे या वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि प्रत्येकीचे मेंदूतील सूत्र वेगळे असू शकते. ‘अमुक संप्रेरकाने हालचाल वाढली’ असे विधान वाचले की ‘कोणती?’ असे आधी विचारावे, हे उत्तम.

संप्रेरकाला पेशीवर परिणाम करण्यासाठी ग्राही लागतो. कुलपाविना किल्ली व्यर्थ. इस्ट्रोजेनचे दोन प्रमुख ग्राही आहेत, अल्फा आणि बीटा. ज्यांच्यात यांपैकी एकेक ग्राही नाही असे माउस तयार करून ओगावा, फाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की चाकावरची धाव वाढवण्यासाठी अल्फा ग्राही आवश्यक असतो. २००७ मध्ये मुसातोव्ह व सहकाऱ्यांनी अधश्चेतकाच्या मध्य-अधर केंद्रातील केवळ अल्फा ग्राही निकामी केला. बाकी शरीर आणि अंडाशय जागच्या जागी होते. तरीही या मादी माउस कमी हालचाल करू लागल्या आणि लठ्ठ झाल्या. त्यांच्या रक्तात इस्ट्रोजेन होते. मेंदूतील त्या चिमूटभर पेशींना मात्र ते ‘ऐकू’ येत नव्हते.

या धाग्याचे पुढचे टोक सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात होली इंग्रहॅम यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतले. स्टेफनी कोरेआ यांच्या पुढाकाराने झालेल्या २०१५ मधील संशोधनात त्याच केंद्राच्या बाहेरील कडेला असलेला चेतापेशींचा एक छोटा गट मादींच्याच हालचालीस चालना देतो, असे आढळले. मग २०२१ मध्ये विल्यम क्राउसे, इंग्रहॅम व सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. अंडमोचनापूर्वी इस्ट्रोजेनची लाट आली की त्याचा अल्फा ग्राही या चेतापेशींतील एका विशिष्ट जनुकावर जाऊन बसतो आणि ते जनुक चेतवतो, असे त्यात दिसून आले. हे जनुक मेलॅनोकॉर्टिन-४ नावाच्या ग्राहीचे. भूक आणि वजनाच्या नियमनातील त्याचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक होते. माणसात केवळ एका जनुकाच्या दोषामुळे उद्भवणाऱ्या लठ्ठपणाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे याच ग्राहीतील बिघाड. अशा दोषाचे परिणाम स्त्रियांत अधिक तीव्र का दिसतात, याचेही एक संभाव्य स्पष्टीकरण या शोधामुळे मिळाले.

त्या निबंधातील सर्वांत लक्षवेधक भाग पुढेच आहे. इस्ट्रोजेन उरलेले नाही अशा मादी माउसमध्ये या चेतापेशी कृत्रिमरीत्या चेतवल्या गेल्या. संप्रेरक परत दिले नव्हते. तरी त्यांचे बसून राहणे संपले आणि वजनही उतरले. क्रिस्पर तंत्राने हे जनुक चेतवल्यावर तर वाढलेली हालचाल दीर्घकाळ टिकून राहिली. या चेतापेशींचे धागे मेंदूतील हिप्पोकॅम्पस आणि पश्चमेंदूतील जागृतीच्या केंद्रांपर्यंत पोहोचतात, असेही आढळले. वांग यांच्या आलेखावरील करवतीच्या दात्यांमागची यंत्रणा, निदान तिचा एक महत्त्वाचा भाग, अशा रीतीने ९८ वर्षांनी उजेडात आला.

भुकेची संप्रेरके

प्रजननग्रंथी एवढेच या सत्तेचे मानकरी नाहीत. थायरॉइड किंवा अधिवृक्क ग्रंथी काढल्यास उंदराची धाव घटते, हे रिश्टर यांच्या काळापासून माहीत आहे. पियुषिका ग्रंथी काढल्यावरही तेच घडते, कारण बाकीच्या ग्रंथी तिच्याच आज्ञेत असतात. मात्र या दाखल्यांत प्राणी एकूणच दुबळा होत असल्याने संप्रेरकाचा खास परिणाम कोणता आणि आजारपणाचा कोणता, हे वेगळे काढणे अवघड जाते.

लेप्टिनची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. चरबीच्या पेशींतून स्रवणारे हे संप्रेरक १९९४ मध्ये जेफ्री फ्रिडमन यांच्या गटाने शोधले. जन्मतःच लेप्टिन नसलेला माउस अतिशय लठ्ठ आणि सुस्त असतो. त्याला लेप्टिन दिले की खाणे कमी होते आणि हालचाल वाढते. यावरून ‘लेप्टिन हालचाल वाढवते’ असे कोणीही म्हणेल. आता दुसरा प्रयोग पाहावा. १९६७ मध्ये राउटनबर्ग व कुझ्नेसॉफ यांनी उंदरांना दिवसातून ठरावीक थोडा वेळच अन्न दिले आणि बाकी वेळ पळण्यासाठी चाक मोकळे ठेवले. चाक नसलेले उंदीर या वेळापत्रकाशी जुळवून घेत. चाक मिळालेले उंदीर मात्र दिवसेंदिवस अधिक पळत, समोर अन्न असताना कमी खात आणि अडवले नाही तर झिजून मरत. उपासमारीत पळत सुटणाऱ्या अशा उंदरांना लेप्टिन दिल्यावर त्यांची धाव कमी होते, असे २००० साली जर्मन संशोधकांनी दाखवले.

म्हणजे तेच संप्रेरक एकाला पळवते आणि दुसऱ्याला थांबवते. विरोधाभास वाटतो, पण तो उलगडता येण्याजोगा आहे. लेप्टिन मेंदूला ‘कोठारात साठा आहे’ एवढाच निरोप देते. कोठार रिकामे असल्याची वर्दी मिळाली की भुकेला प्राणी अन्नाच्या शोधात वणवण करतो. साठा असल्याचा निरोप आला की ती वणवण थांबते. जन्मापासून निरोपच न मिळालेल्या माउसच्या शरीराचा सारा कारभारच बिघडलेला असतो; तेथे निरोप पोहोचणे म्हणजे कारभार मार्गी लागणे. २०१५ मध्ये माउसवर झालेल्या एका संशोधनात मेंदूतील डोपामिन चेतापेशींवरील लेप्टिनचा परिणाम रोखला असता धावण्यातून मिळणारी ‘गोडी’ वाढल्याचे दिसले. ॲनोरेक्सिया या विकारात अन्न टाकणाऱ्या अनेक रुग्णांना अतिव्यायामाची अनावर ओढ लागते. तिचा अभ्यास करण्यासाठी राउटनबर्ग यांची ही जुनी मांडणी आजही वापरली जाते.

जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे १९९९ मध्ये सापडलेले संप्रेरक याच्या नेमके उलट्या बाजूला उभे आहे. जेवणाच्या वेळेआधी ते वाढते. घ्रेलिनचा ग्राही नसलेले माउस अन्नाच्या ठरावीक वेळेपूर्वी इतरांइतक्या येरझाऱ्या घालत नाहीत.

चाक खरे की खोटे?

पिंजऱ्यात कोंडलेला प्राणी कंटाळून चाकावर पळत असेल. त्यावरून नैसर्गिक वागणुकीविषयी काय कळणार, असा आक्षेप बरीच वर्षे घेतला जात होता. नेदरलँड्समधील लायडन येथील योहाना मायर यांनी २०१४ मध्ये त्याला साधे, काहीसे मिस्कील उत्तर दिले. त्यांनी चाके थेट मोकळ्यावर ठेवली आणि कॅमेरे लावले. रानटी माउस आपण होऊन येऊन चाकावर पळाले. पुन्हा पुन्हा आले. चिचुंद्र्या, बेडूक आणि गोगलगायींच्या कुळातील प्राणीही चाकात सापडले. अर्थात गोगलगायीच्या गतीबद्दल न बोललेलेच बरे.

दुसरे उत्तर थिओडोर गारलँड यांच्या दीर्घ प्रयोगातून मिळाले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात प्रत्येक पिढीतील सर्वाधिक पळणारे माउस निवडून त्यांची पैदास करण्यात आली. निवड केलेल्या चार वंशांतील माउस न निवडलेल्यांच्या सुमारे अडीच ते तीन पट पळू लागले. पळण्याची हौस वारशाने मिळते, हे त्यातून सिद्ध झाले. या धावपटू वंशांत अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या कॉर्टिकोस्टेरॉन या संप्रेरकाची विश्रांतीच्या वेळची पातळीही चढी असल्याचे आढळले आहे.

मादी बाहेर कशी गेली?

वांग यांचा शोध मादीला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून देईल, असे कोणालाही वाटले असते. घडले भलतेच. ‘मादीचे चक्र दर चार दिवसांनी बदलते, त्यामुळे तिच्या नोंदी अस्थिर असतात, स्थिर निष्कर्ष हवे असतील तर नर वापरावेत’ असा विचार हळूहळू रूढ झाला. २०११ मध्ये ॲनलीझ बिअरी व अर्व्हिंग झुकर यांनी प्रसिद्ध झालेल्या संशोधनाची मोजदाद केली, तेव्हा मज्जाशास्त्रात केवळ नरांवर केलेल्या अभ्यासांचे केवळ मादींवर केलेल्या अभ्यासांशी प्रमाण ५.५ ला १ असे निघाले. ज्या मेंदूवर संप्रेरकांची अशी हुकमत चालते, त्याच मेंदूच्या अभ्यासातून अर्धे जग गाळले गेले होते.

मादी अस्थिर असते, हे गृहीतक तरी खरे होते का? प्रेंडरगास्ट, ओनिशी व झुकर यांनी २०१४ मध्ये माउसवरील २९३ निबंधांतील मोजमापे एकत्र करून तपासली. चक्राची अवस्था न पाहता निवडलेल्या मादींच्या नोंदींत नरांहून अधिक चढउतार नव्हते. उलट एकत्र ठेवलेल्या नरांत वर्चस्वाच्या झटापटी होतात आणि त्यामुळे त्यांच्या नोंदी विस्कटतात. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता व सहकाऱ्यांनी तर मोकळ्या जागेतील माउसच्या वागणुकीचे संगणकाद्वारे बारकाईने पृथक्करण केले. चक्राच्या अवस्थेपेक्षा प्रत्येक मादीचे स्वतःचे वळणच तिच्या वागणुकीतून अधिक ओळखू येत होते आणि नरांमधील वैविध्य मादींहून जास्त होते. चाकावरील शिखरांशी याचा विरोध नाही. मोकळ्या जागेतील वावर आणि चाकावरची धाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फारबाख यांच्या प्रयोगाने १९८५ मध्येच सांगितले होते. एका प्रकारच्या हालचालीवरून मादीच्या सर्व वर्तनाविषयी मत बनवणे, ही चूक होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये घोषणा केली आणि २०१६ पासून अर्जदारांना प्राण्यांवरील संशोधनात लिंग हा घटक विचारात घेणे बंधनकारक केले. हा प्रश्न उंदरांपुरता नाही. २०१३ मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी झोल्पिडेम या झोपेच्या गोळीची स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणली, कारण त्यांच्या शरीरातून ते औषध अधिक सावकाश बाहेर पडत असल्याने सकाळीही त्याचा अंमल राहत होता. गोळी बाजारात येऊन तोवर वीस वर्षे झाली होती.

माणसापर्यंत किती?

रजोनिवृत्तीच्या सुमारास अनेक स्त्रियांचे वजन वाढते, अंगात उत्साह राहत नाही आणि घरातली मंडळी ‘बसून बसून अंग सुटले’ असे सहज म्हणून जातात. अंडाशय काढलेल्या उंदरांचे वर्तन पाहता या शेऱ्यात अन्याय असू शकतो, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पण तुलना जपून करावी लागते. स्त्रीला माज नसतो. तिचे चक्र चार दिवसांचे नसून महिन्याचे असते आणि त्याच्या टप्प्यांनुसार तिच्या दैनंदिन चालण्याफिरण्यात उंदरासारखी शिखरे दिसत नाहीत. माणसाची हालचाल नोकरी, घरकाम, रस्ते, सुरक्षितता आणि सवड यांनीही ठरते. पिंजऱ्यातल्या मादीला यांपैकी काहीच नसते. शिवाय उंदरात अंडाशय एका दिवसात काढले जातात, तर रजोनिवृत्ती काही वर्षे चालते.

यावरून संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन चपळता मिळवावी, असा अर्थ तर मुळीच निघत नाही. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन एकत्र देण्याची अमेरिकेतील मोठी चाचणी २००२ मध्ये मध्येच थांबवण्यात आली, कारण स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे दिसले होते. पुढील विश्लेषणांत वय आणि संप्रेरकाचा प्रकार यांनुसार हा धोका कमीअधिक असल्याचे स्पष्ट झाले. तेव्हापासून असे उपचार वैद्यकीय सल्ल्याने आणि ठरावीक तक्रारींसाठीच दिले जातात.

२०२१ च्या निबंधाचे महत्त्व याच ठिकाणी आहे. त्यातील मादी इस्ट्रोजेनशिवाय हिंडूफिरू लागल्या होत्या. मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राही असलेल्या मोजक्या चेतापेशी त्यासाठी पुरल्या. या ग्राहीवर काम करणारे सेटमेलॅनोटाइड नावाचे औषध काही दुर्मिळ आनुवंशिक लठ्ठपणांसाठी अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झाले होते, ते भूक आवरण्यासाठी. त्याच ग्राहीचा पायांशीही संबंध आहे, हे माउसच्या मादींनी त्यानंतर काही महिन्यांनी दाखवून दिले.